राखीनंतरची कोंबडी

देविकानं पाचव्यांदा ओव्हनच्या काचेला नाक लावलं. कोंबडी अजून पांढरीफटक. पाय दोऱ्यानं बांधलेले, पोटात अख्खं लिंबू, कातडीखाली लोणी आणि आयएनए मार्केटमधून शोधून आणलेला रोझमेरी नि थाइमचा विलायती पाला. सव्वाबारा वाजले होते. नवरा सुधन्वा आपल्या आईला आणायला गाडी घेऊन लक्ष्मीबाई नगरला गेला होता आणि एक वाजता सासूबाई, म्हणजे अहिल्याबाई, नोएडातल्या या सातव्या मजल्यावर जेवायला येणार होत्या.

जेवायला, म्हणजे सुधन्वाच्या मते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा न जेवता गेल्या. एकदा उपास होता, एकदा पोट बिघडलं होतं, एकदा घरूनच जेवून आल्या होत्या. देविका ख्रिस्ती. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. ती तिकडे लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरवर गेली की मात्र सासूबाई तिला आग्रह करकरून वाढायच्या. स्वतःच्या हातचं खायला घालायचं आणि सुनेच्या हातचं खायचं नाही, हा कुठला न्याय? देविकाच्या मनाला ते फार लागलं होतं. आज त्या जेवल्या नाहीत तर पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. सुधन्वाला हे सांगितलं नव्हतं.

म्हणूनच तिनं सगळं दहादा विचारून केलं होतं.

"आई चिकन बिल्कुल खाते यार," सुधन्वा म्हणाला होता. "आणि सावन काल संपला. राखी झाली ना!"

पण घरात काय शिजतंय हे सुधन्वाला पानात पडल्यावरच कळायचं. त्याच्यावर काय विसंबायचं? तिनं चिकनवाल्यालाही विचारलं. "सावन खतम, मैडम," असं म्हणून तो कातडीसकट अख्खी कोंबडी मागणाऱ्या या बाईकडे बघत राहिला.

साडेबाराला कोंबडीवर रंग चढू लागला, पण एकीकडूनच. ही कोंबडी मुळात तिच्या मम्मीची, दर नाताळातली. निवृत्तीनंतर मम्मी-पप्पा पुण्याला परतले होते. देविका मात्र जन्मापासून दिल्लीची. तिनं पुण्याला फोन लावला.

"मम्मी, वरून झाकू की उघडीच ठेवू?"

"उघडीच. ट्रे फक्त फिरव. पण आज कोणासाठी एवढा घाट?"

"सासूबाई येतायत."

"अगं बाई! श्रावणात?"

"सावन काल संपला, मम्मी."

"तो दिल्लीवाल्यांचा. त्यांचा पौर्णिमेला संपतो, मराठी माणसांचा अमावास्येला. अजून दोन आठवडे आहेत, देविका. इथं आमच्या सोसायटीत सध्या कोणी अंडंसुद्धा फोडत नाहीये."

देविकानं ओव्हन बंद केला. मग सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे पाचवर केले, सुधन्वाच्या देवांपुढच्या चार उदबत्त्या एकदम लावल्या. त्यामुळे एवढंच झालं, की घरात लोणी, रोझमेरी आणि चंदन यांचा मिळून कुठल्याच धर्मात न बसणारा वास सुटला. कोंबडी शेजारी नेऊन देता आली असती. वास कोणाकडे ठेवायला देणार?

ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चकरा मारू लागली. सासूबाई दारातच थांबतील. नाकाला पदर लावतील. मुद्दाम केलं असंच त्यांना वाटणार. कुणालाही वाटेल. तिनं सुधन्वाला दोनदा फोन केला. तो गाडी चालवत होता, उचलला नाही.

आता एकच नंबर उरला. अहिल्याबाईंचा नंबर तिच्याकडे दोन वर्षं होता, पण तिनं तो कधी लावला नव्हता. त्या तुटक बोलतील या भीतीनं सगळं सुधन्वामार्फतच चालायचं. आज भ्यायलाही वेळ नव्हता. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आई, मी देविका बोलतेय."

"कोण? देविका? बोल."

"आई, माझी फार मोठी चूक झाली. मी चिकन केलंय. तुमचा श्रावण आहे हे मला आत्ता कळलं. देवाशप्पथ मुद्दाम नाही केलं. घरभर वास सुटलाय." "तुम्ही आज येऊ नका. सुधन्वाला गाडी वळवायला सांगा. श्रावण संपला की या. तुम्ही म्हणाल त्या दिवशी, तुम्ही म्हणाल ते करीन. पण या, आई. माझ्याकडे जेवायला या."

पलीकडे नुसते हॉर्न ऐकू येत होते. "आई, क्या हुआ? कोण आहे?" असं सुधन्वानं विचारलेलं ऐकू आलं.

"वेगळा कुकर आहे तुझ्याकडे?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"आहे. नवा आहे. लग्नात आलेला."

"मग त्यात वरणभात लाव. कोंबडी सुधन्वाला घाल."

"म्हणजे... तुम्ही येताय?"

"अगं, घरच्या बाईनं स्वतःच्या तोंडानं बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी पानावर बसायचं नाही, असं शिकवलंय मला. दोन वर्षं हा सुधन्वाच आपला 'चल जेवायला, चल जेवायला' करतोय," अहिल्याबाई म्हणाल्या. "तू आज बोलावलंस. आज मी जेवणार."