दारातले दोन जोड

विरोधी पक्षात असताना गजेंद्रनं सुलतानपूरच्या चौकात, भर सभेत पायातल्या चपला काढल्या अन् गरजला, "गावच्या नळाले पाणी येईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही!" टाळ्या थांबायच्या आत त्याच्या मायनं, गोजरबाईनं, बायकांतून उठून आपल्याही चपला काढल्या. पोरगं एकटं चटके खाईल, अन् आपण चपला फटकारत हिंडायचं? त्याच दिवशी तिनं दोघांचेही जोड घराच्या दाराशी शेजारी शेजारी ठेवले.

गजेंद्र निवडून आला, मंत्री झाला, मुंबईला राहायला गेला. दीड वर्षानं गाडीतून उतरला तेव्हा पायात काळे चकचकीत बूट होते.

"माय, आता तरी चप्पल घाल. मंत्र्याची माय अनवाणी फिरते म्हणून लोक हसून राह्यले मले."

"नळाले पाणी आलं काय?"

"सरकारात तसं नसते न, माय. योजना मंजूर हाय. फाईल फिरून राह्यली."

"फिरन न. तिच्याबी पायात बूट असतील."

गजेंद्र चहा अर्धा टाकूनच निघाला.

टँकरचा भोंगा वाजला तशी गोजरबाईनं घागर उचलली. निघताना पदरानं दोन्ही जोडांवरची धूळ झटकली. शेजारची राखी म्हणाली, "काकू, कोणी घालत नाही, तं आत उचलून ठेवा न."

"राहू दे वं," गोजरबाई तापल्या मातीत पाय टाकत म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याले वाटते, घरात मायलेक दोघं हायेत."