खराट्यातली काडी

बॅग खांद्यावरून न उतरवताच मी सांगून टाकलं, "मला काडीमोड घ्यायचाय."

"लोकांना काय सांगायचं गं?" म्हणत आई मटकन खाली बसली.

अप्पांनी शब्दकोड्यातून मान वर केली. "हा शब्द कुठून आला, माहितेय?"

झालं सुरू! दहावीत मी नापास झाले, तेव्हाही त्यांनी मला 'नापास' शब्दाचा उगमच सांगितला होता.

"पूर्वी पंचांसमोर काडी मोडायचे. मोडली, की लग्न संपलं."

"अप्पा, तो मला मारतो!" मी ओरडले.

त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. मग उठले, दाराआडच्या खराट्यातली एक काडी ओढली आणि माझ्या हातात दिली.

"मोड," ते म्हणाले. "आम्ही दोघं पंच."

मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.