हवाबंद

मक्याच्या कुट्टीवर जिवाणूंचं कल्चर फवारून मी मुरघासाची, म्हणजे गाईंसाठी आंबवायच्या चाऱ्याची, पिशवी दाबून भरली आणि तोंड घट्ट बांधलं. आता दीड महिना उघडायची नाही, आत हवा गेली की बुरशी आलीच, हे सासऱ्यांना चारदा बजावलं. माणूस ऐकेल तर शपथ! रोज सकाळी पिशवी सोडायची, मूठभर मुरघास काढून हुंगायचा, पिशवी पुन्हा कशीबशी बांधायची आणि गोठ्याच्या दारातल्या पिंपावर बसून माझा उद्धार करायचा. "विकतचे जंतू घालून ही बाई माझ्या गाई मारणार!"

दीड महिना भरला, तशी आज मीच पिशवी उघडली. वरपासून खालपर्यंत काळी बुरशी.

"बघितलंस?" सासरे पिंपावरूनच गरजले. "फेक ते उकिरड्यावर! आणि उद्यापासून गोठ्यात पाऊल टाकायचं नाही."

नवरा खाली मान घालून धार काढत राहिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उठा."

"माझ्याशी असं बोलतेस?"

"आधी उठा!"

ते उठले. मी पिंपावरचं गोणपाट ओढलं, कडी काढली, झाकण उचललं. आंबटगोड वास गोठाभर पसरला आणि गाई दावी ताणून हंबरायला लागल्या.

"हेही त्याच दिवशी भरलंय. मका तोच, जंतूही तेच," मी म्हणाले. "तुमचा हात पोचणार नाही अशी या गोठ्यात एकच जागा होती, बाबा. तुमच्या बुडाखालची."