तीनचा भोंगा

पिंपरीच्या कामगार वसाहतीतल्या बायांनी मतिमंद लेकरांसाठी दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात खेळघर सुरू केलं. पहिल्याच दिवशी शालनबाईंनी हिराचा हात धरून तिच्या आईला बजावलं, "कस्तुराबाई, चार वाजेपर्यंत इकडं फिरकायचं नाही. घरी जाऊन जरा पाठ टेका." अकरा वर्षांत पहिल्यांदाच कस्तुरा दुपारची आडवी झाली.

डोळा लागतो न लागतो तोच ती ताडकन उठली. कंपनीचा तीनचा भोंगा झाला की हिरा भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. तो थांबेपर्यंत कस्तुरा रोज तिचे कान दाबून धरायची, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं.

ती अनवाणीच धावत सुटली. समाजमंदिर दोन घरांवर राहिलं आणि भोंगा सुरू झाला.

"बाई, माझी हिरा..." दारातच तिला धाप लागली. शालनबाईंनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं.



तिथं एक चिमुरडी भेदरून रडत होती, आणि हिरा स्वतः थरथर कापत तिचे दोन्ही कान घट्ट दाबून बसली होती.