अकरा मिनिटांचं भाषण

शुभदा टेंबेने क्लिप कापायला टाइमलाइनवर चौथ्यांदा कर्सर ठेवला, आणि स्क्रीनवरचे मधुकाका चौथ्यांदा भाषण थांबवून तिच्याकडे वळले.

"आता कुठे मुद्द्यावर येत होतो," ते म्हणाले.

"काका, अकरा मिनिटं झाली. लग्नाचा व्हिडिओ आहे हा."

क्लिपमधल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय त्याला कापायचं नाही, असा कायदा झाल्यापासून शुभदाचं निम्मं काम वाद घालण्यातच जायचं. नवरीने लगेच होकार दिला होता. आचारीसुद्धा समजूतदार निघाला. नवरीचे हे काका मात्र सकाळपासून अडून बसले होते.

"व्याह्यांचं कौतुक तरी ठेव."

"ते तुम्ही तीनदा केलंय."

"मग खऱ्या मधुकरला फोन लाव. तो म्हणाला तर काप."

शुभदाचा संयम संपला. "कुठे लावू? ते गेल्या महिन्यात गेले."

क्लिपमधल्या माणसांना लग्नाच्या दिवसापुढचं काही ठाऊक नसतं, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. फेटा बांधलेल्या काकांनी हातातला माइक खाली ठेवला.

"भाषण सगळं काढ," ते म्हणाले. "पण नंतर मी खाली उतरून बायकोशेजारी बसतो. ती विचारते, दमलात का. तेवढं राहू दे."

तो तुकडा नऊ सेकंदांचा होता. शुभदाने तो व्हिडिओच्या अगदी शेवटी लावला आणि त्याचा वेग निम्मा केला.