निनादची पट्टी

"आई, नुसत्या बसून राहू नका. बाबांची पट्टी लावा आणि टेकडीवर जाऊन या," सून इरा म्हणाली. "गुडघे एकदा आखडले की घरातल्या घरातही चालता यायचं नाही."

शर्वरीला आज उठावंसंही वाटत नव्हतं आणि पडावंसंही. नवरा, निनाद, गेल्यापासून सगळं असंच बधिर झालं होतं. मनगटावर चिकटवली की परक्यांचा उत्साह आपल्यात उतरवणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळत, पण तिला त्या नको होत्या. फिरायला निघतानाचं निनादचं मन त्याच्या हयातीत एका पट्टीवर उतरवून घेतलेलं होतं. पट्टी एकदाच चालायची, म्हणून तिने ती जपून ठेवली होती.

शेवटी तिने ती मनगटावर चिकटवली.

उत्साह आलाच नाही. आली ती दाट झोप, पायांतला जडपणा, आणि त्याखाली एक बारीकशी धास्ती, नाही म्हटलं तर कोणीतरी दिवसभर फुगून बसेल अशी.

चाळीस वर्षं रोज पहाटे त्याला हलवून उठवणारी तीच होती.

"निघताय ना?" इराने बूट पुढे सरकवले.

"उद्या जाईन, माझी मी," शर्वरी आडवी होत म्हणाली. "आज त्याला झोपू दे."