भटूचा आकडा

"वाचा मास्तर, मन्हा भटूना आकडा वाचा," म्हणत धुडकू ओट्यावर पुढे सरकून बसला.

बन्सीलाल मास्तरांनी नंदुरबारहून आणलेलं मुंबईचं वर्तमानपत्र उलगडलं. १९३८ चा हिवाळा होता. कोरीट गावच्या धुडकूचा मुलगा भटू कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून धंदेवाईक गोल्फपटूंच्या स्पर्धा खेळायला गेला होता. "काठी लिसन गोटी माराले मुंबईले गया!" म्हणून चावडीवर माणसं हसली होती. त्याच्या आईनं, दिवलीबाईनं, तेव्हापासून अंथरूण धरलं होतं.

"पहिला तीनशे एक. दुसरा तीनशे चार." मास्तरांचं बोट यादीच्या तळाशी पोचलं. "भटू, तीनशे एकेचाळीस."

ते पुढचं सांगणार, तोच धुडकूनं मांडीवर थाप मारली आणि घरात हाक दिली, "ऐकं का वं? सगळामा मोठा आकडा आपला भटूना शे!"

आत दिवलीबाई उठून बसली. दोन दिवसांनी तिनं पहिल्यांदा भाकर मागितली.

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. गोल्फमध्ये चेंडू जितक्या कमी फटक्यांत खळग्यात जाईल तितकं चांगलं. सर्वांत लहान आकड्याचा माणूस पहिला. भटू शेवटचा आला होता. पण आता हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुण्याच्या स्पर्धेत तेच झालं, नाशिकलाही तेच. दर वेळी धुडकू मोठा आकडा चावडीवर सांगून यायचा. हसणारे हळूहळू थांबले. दिवलीबाई चुलीपाशी बसू लागली. मास्तरांना मात्र वर्तमानपत्र जड वाटू लागलं.

त्यातच मास्तरांच्या नावे भटूचं पत्र आलं. 'हंगामातली एकच स्पर्धा उरली आहे. तीही गेली तर काठ्या विकून जिनिंगमध्ये परत येतो. घरी एवढ्यात सांगू नका.'

मास्तरांनी पत्र कपाटात ठेवलं.

शेवटच्या स्पर्धेचा निकाल त्यांनी नंदुरबार स्टेशनातच उभ्याउभ्या वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. भटूचं नाव सगळ्यांत वर होतं. दोनशे ब्याण्णव!

आनंदाच्या भरात ते कोरीटच्या वाटेला लागले, पण गाव दिसू लागलं तशी पावलं मंदावली. हा आकडा ऐकून म्हातारा-म्हातारीला वाटेल, पोरगं बुडालं. मग एखादा मोठा आकडा ठोकून द्यावा? सगळा हंगाम आपण गप्प राहिलो, आज एक खोटं बोललं म्हणून काय बिघडणार?

ओट्यावर चावडीवरचे चारपाच जणही येऊन बसले होते. दिवलीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"वाचा मास्तर."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण खोटा आकडा काही बाहेर पडेना. पोरानं कमावलेलं असं पुसून टाकायचं?

"भटू," ते म्हणाले, "दोनशे ब्याण्णव. सगळ्यांत कमी. धुडकूनाना, आता मी सांगतो ते जरा शांतपणे ऐका..."

कोणीतरी फिसकन हसलं. धुडकूनं डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात तोंड लपवलं. त्याचे खांदे गदगदू लागले. मास्तर घाईनं त्याच्याजवळ सरकले आणि त्याचा हात धरला.

म्हाताऱ्यानं भिजलेला चेहरा वर केला.

"सांगानी गरज नई, मास्तर, माले पहिलेपासून ठाऊक व्हतं," तो दाराकडे बघत हळूच म्हणाला. "आज मातर भटू खराखुरा जितना."